आर्थिक पडसाद, जागतिक गुंतवणूक बाजारांतील

एखाद्या बड्या अर्थव्यवस्थेतील व्याजदर, चलनमूल्य किंवा मागणी बदलल्यावर इतर देशांच्या शेअर, रोखे व चलन बाजारांत उमटणारा परिणाम. तो दोन वाटांनी पोहोचतो. व्यापाराची वाट संथ आहे : आधी मागणी घटते, मग निर्यात, मग कंपन्यांचा नफा. भांडवलाच्या वाटेला मात्र काही तास पुरतात. म्हणून देशाचे उत्पादन किती मोठे, यापेक्षा जगाने कर्ज कोणाच्या चलनात काढले आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे.

अमेरिकेचे वजन त्यामुळेच वेगळे. मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीचा निम्म्याहून अधिक भाग डॉलरमध्ये असतो, आणि अमेरिकी सरकारी रोख्यांवरील परतावा जगभरच्या मालमत्तांचे मोल ठरवताना आधार मानला जातो. तो वाढला की जोखमीच्या बाजारांतून पैसा बाहेर पडू लागतो, डॉलर वधारतो आणि डॉलरमधील कर्जाचा बोजा ऋणकोच्या चलनात फुगतो.

याचे ठळक उदाहरण २०१३ चे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी २२ मे रोजी अमेरिकी काँग्रेससमोर बोलताना, व्याजदर खाली ठेवण्यासाठी चाललेली दरमहा ८५ अब्ज डॉलरची रोखेखरेदी पुढील काही बैठकांत कमी होऊ शकेल, एवढेच सूचित केले. दहा वर्षांच्या रोख्यांवरील परतावा सुमारे दोन टक्क्यांवरून सप्टेंबरपर्यंत तीन टक्क्यांच्या घरात गेला. चालू खात्यावर मोठी तूट असलेले, म्हणजे परदेशातून येणाऱ्या रकमेपेक्षा बरेच अधिक बाहेर देणारे ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका व तुर्कस्तान हे देश ‘फ्रॅजाइल फाइव्ह’ (नाजूक पाच) म्हणून ओळखले जाऊ लागले. ऑगस्टअखेर रुपया डॉलरमागे ६८ च्याही खाली घसरला. खरेदीतली कपात प्रत्यक्षात सुरू झाली ती जानेवारी २०१४ मध्ये. इतकी पडझड नुसत्या चाहुलीने झाली होती.

चीनचा धक्का वेगळ्या जातीचा. ऑगस्ट २०१५ मध्ये युआनचे मूल्य सुमारे दोन टक्क्यांनी उतरवले गेले, तेव्हा चिनी मागणीच मंदावली असावी अशी शंका बळावली आणि त्याच महिन्यात जगभरचे शेअर बाजार कोसळले. जपानचे प्रकरण तर आणखी बोलके आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस बँक ऑफ जपानने व्याजदर जेमतेम ०.२५ टक्क्यापर्यंत नेला. पण स्वस्त येन उसना घेऊन इतरत्र गुंतवणाऱ्यांची संख्या मोठी होती. येन वधारू लागला तसे त्यांचे कर्ज महागले व ते फेडण्यासाठी गुंतवणुकी विकल्या जाऊ लागल्या; त्यातच अमेरिकी रोजगाराचे आकडे कमकुवत आले, आणि ५ ऑगस्टला जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १२ टक्क्यांहून अधिक पडला. दुसऱ्याच दिवशी तो १० टक्क्यांनी सावरलाही.

विनिमय दर तरता ठेवला, म्हणजे बाजारावर सोडला, की देशाला स्वतंत्र पतधोरण राखता येते, म्हणजे व्याजदर स्वतःच्या गरजेनुसार ठरवता येतात, असे पाठ्यपुस्तकी मत आहे. अर्थशास्त्रज्ञ एलेन रे यांनी २०१३ मध्ये त्याला आव्हान दिले : भांडवलाला मोकळी वाट असेल, तर केवळ तरता दर पुरेसे संरक्षण देत नाही. तरीही सगळे देश सारखेच हतबल नसतात. फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये दरवाढ सुरू केली. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने ती वर्षभर आधीच, २ टक्क्यांपासून, आरंभली होती आणि पुढे १३.७५ टक्क्यांपर्यंत नेली. या सावधगिरीचा खर्च देशातल्याच कर्जदारांनी सोसला.