अ‍ॅसिडिटीची गोळी सुटत नाही, मग ऑपरेशन करावं का?

आमच्या मेडिकल स्टोअरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

सकाळी शटर वर जातं न जातं तोच कुणीतरी काउंटरवर उभं असतं. "ताई, नेहमीची द्या." नेहमीची म्हणजे पँटोप्राझोल, नाहीतर रॅबेप्राझोल, नाहीतर डोमपेरिडोन मिसळलेली कॅप्सूल. काहींच्या 'नेहमीची'ला आता आठ-दहा वर्षं झाली आहेत. अलीकडे याच लोकांकडून दुसरा प्रश्न येतो: "यावर दुर्बिणीचं ऑपरेशन असते म्हणे. मग काहून नाही करून टाकायचं एकदाचं?"

मागे चार माणसं खोळंबलेली असताना या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हा कागद छापला. दोन गोष्टी आधीच सांगते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आणि माझ्या यजमानांचं हे ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, त्यामुळे ही वाट मी घरात बसून पाहिली आहे.

बिघाड आम्लात नाही, जठराचं तोंड आवळणाऱ्या नाडीत आहे

पोटात आम्ल असायलाच हवं, त्याशिवाय पचन नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरताना ते उघडतं आणि लगेच मिटतं. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, म्हणजे श्वासपटल, त्याला बाहेरून आवळून धरतो. हे कडं सैल झालं, किंवा पडद्यातलं भोक रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला (याला हायटस हर्निया म्हणतात), की पोटातलं वर येऊ लागतं. पिठाच्या पिशवीची नाडी ढिली झाली की पिशवी आडवी करताच पीठ सांडतं, तसंच.

गोळी आम्ल कमी करते. नाडी आवळत नाही. त्यामुळे गोळीने जळजळ थांबते, पण बुटाची लेस बांधायला वाकलं की तोंडात आंबट पाणी येणं, रात्री झोपेत घशाशी येऊन ठसका लागून उठणं, हे पुष्कळांचं चालूच राहतं. ऑपरेशनचा विचार मुळात याच माणसांसाठी आहे.

एका गोष्टीसाठी मात्र हा कागद वाचत थांबू नका. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, तर आमच्याकडे जळजळीचं गुलाबी औषध मागायला येऊ नका, थेट दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, हिमोग्लोबिन घसरणं, यातलं काहीही असेल तर गोळी बदलून पाहत बसू नका. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून पाहणं, लवकर करून घ्या.

गोळी हरली, की घेण्याची वेळ चुकली?

"गोळीने काही होत नाही" असं कुणी म्हटलं की मी विचारते, घेता केव्हा? उत्तर बहुतेकदा एकच: जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली की. या गोळ्या तशा काम करत नाहीत. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते अन्न आलं की जागे होतात. जे पंप जागे होतात त्यांनाच गोळी बंद करते. म्हणून ती खाण्याआधी अर्धा ते एक तास पोटात गेलेली हवी. तर्री-पोहे खाऊन वरून घेतलेल्या गोळीचा बराचसा भाग फुकट जातो.

हे मी दुकानदारीचं शहाणपण म्हणून सांगत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोळीने छातीतली जळजळ जात नाही अशी तक्रार असलेले ३६६ रुग्ण त्यात घेतले होते. त्यांना दोन आठवडे ओमेप्राझोल नीट समजावून, वेळेवर घ्यायला लावलं. तेवढ्याने ४२ जण बरे झाले. पुढे कसून तपासण्या झाल्यावर ९९ जणांची जळजळ आम्लाची नव्हतीच असं निघालं. त्यांची अन्ननलिका नुसती जास्त संवेदनशील होती. असे गट गळत गळत शेवटी उपचारांची तुलना करण्याजोगे ७८ उरले. त्यांच्यापैकी ऑपरेशनच्या गटात २७ जण होते, त्यातल्या १८ जणांना चांगला गुण आला. वाढीव औषधांच्या गटात २५ होते, त्यातल्या ७ जणांना. उरलेल्या २६ जणांची फक्त आधीची गोळी चालू ठेवली होती, त्यांच्यातल्या ३ जणांना.

या आकड्यांतून मला जे दिसतं ते असं. रोग सिद्ध झालेल्या माणसाला ऑपरेशन खरोखर उपयोगी पडतं. पण "मला अ‍ॅसिडिटी आहे" म्हणणाऱ्यांत तशी माणसं थोडी असतात. आणि उरलेल्यांनी ऑपरेशन केलं तर जळजळ तीच राहते, वर नवीन त्रास पदरात पडतो.

तेव्हा आधी काही आठवडे गोळी वेळेवर घ्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे विटांचे थर द्या. उशांचा ढीग नको, त्याने पोट दुमडतं आणि उलट वर येतं. डाव्या कुशीवर झोपा. सावजी सोडा असं मी नागपुरात राहून कुणाला सांगणार नाही. पण मे महिन्यात उन्हं कलल्यावर सगळी कामं, मग साडेदहाला जेवण आणि अकराला कूलरसमोर आडवं होणं, हा क्रम घशाला फार महागात पडतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. खर्रा मात्र सोडायलाच हवा. तंबाखूने ते स्नायूंचं कडं आणखी सैल पडतं, आणि खर्ऱ्याचं बाकीचं नुकसान तुम्हाला माहीत आहेच. पोटाचा घेर कमी झाला तर काहींना ऑपरेशनचा प्रश्नच पडत नाही.

गोळीच्या भीतीने ऑपरेशनकडे वळणारेही आहेत. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ किंवा मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हे खरं. ते रक्त तपासून कळतं आणि भरून काढता येतं. नुसत्या त्या धास्तीने पोटाला टाके घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बरीच वर्षं चाललेली गोळी एका दिवसात बंद करू नका. आम्ल काही दिवस उसळी मारून वाढतं, आणि माणसाला वाटतं रोग बळावला.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या

एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा आहेत का, हर्निया आहे का, अस्तर बदललंय का, हे दिसतं. पण खरा रोग असलेल्या पुष्कळांची एंडोस्कोपी अगदी स्वच्छ येते. अशा वेळी २४ तासांची पीएच तपासणी करतात, म्हणजे अन्ननलिकेत आम्ल किती वेळ असतं ते मोजतात. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात आणि कमरेला छोटं यंत्र बांधून घरी पाठवतात. आमच्या यजमानांनी तो दिवस याच काउंटरमागे काढला. गालावर चिकटपट्टीने बसवलेली नळी, पट्ट्याला यंत्र, आणि जळजळलं की बटण दाबायचं. गिऱ्हाइकं दचकून विचारत होती, यजमान दर वेळी बोटाने यंत्र दाखवून समजावत होते. दुपारी मुद्दाम नेहमीचं जेवण जेवले, कारण त्या दिवशी पथ्य पाळलं तर तपासणीला काही सापडतच नाही. गोळी डॉक्टरांनी आठवडाभर आधीच बंद करायला सांगितली होती. तो आठवडा जड गेला.

दिवसाच्या एकूण वेळापैकी ६ टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळपास दीड तास, अन्ननलिकेत आम्ल असेल तर रोग पक्का धरतात. ४ टक्क्यांहून कमी असेल तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. एंडोस्कोपीतच मोठ्या जखमा दिसल्या तर ही तपासणी लागत नाही.

तिसरी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेचा जोर मोजणं. ही टाळू नका. अ‍ॅकॅलेशिया नावाच्या आजारात खालचं कडं उघडतच नाही, अन्न वरच साचतं, आंबतं आणि घशाशी येतं. रुग्णाला ती अ‍ॅसिडिटीच वाटते. तिथे कडं आणखी आवळलं तर पाणीसुद्धा उतरणार नाही. ही तपासणी न करताच कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर का, ते विचारा. मधुमेह जुना असेल तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो का, हेही पाहून घ्यायला सांगा.

ऑपरेशनमध्ये काय करतात

नाव फंडोप्लिकेशन. १९५५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात रुडॉल्फ निसन या सर्जनने ते या आजारासाठी केलं. तेव्हा पोट उघडावं लागे. १९९१ पासून ते दुर्बिणीतून होतं, पाचेक लहान छिद्रांतून. वर सरकलेलं जठर खाली ओढतात, पडद्यातलं रुंद भोक टाके घालून लहान करतात, आणि जठराचा वरचा मऊ भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवतात. पोट भरून दाब वाढला की हा मफलर आपोआप आवळतो.

पूर्ण वेढा दिला की ती निसन पद्धत. मागच्या बाजूने पाऊण वेढा दिला की तूपे पद्धत. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर सर्जन सहसा अर्धवट वेढा पसंत करतात. त्यात घास अडकणं आणि गॅस कोंडणं कमी होतं.

याशिवाय अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती चुंबकी मण्यांची कडी बसवण्याची पद्धत आहे, तिला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. तोंडातून एंडोस्कोप घालून घडी घालण्याचीही एक पद्धत आहे, पण ती मोठ्या हर्नियात चालत नाही. वजन खूप जास्त असेल तर जठराच्या बायपासचं ऑपरेशन वजन आणि जळजळ दोन्ही कमी करतं. लठ्ठपणासाठी होणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनने मात्र अ‍ॅसिडिटी वाढू शकते, हे ते ठरवण्याआधीच विचारून घ्या.

नंतरचे दिवस

घरी दोन दिवसांत येता येतं. खरी कसरत जेवणाची असते. पहिले काही दिवस पातळ: पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, ताक. मग गुरगुट्या भात, मऊ खिचडी. टाक्यांच्या जागी सूज असते, त्यामुळे काही आठवडे घास अडकतोच. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात यजमानांनी मुलाच्या ताटातला पोळीचा कोरडा तुकडा सहज तोंडात टाकला. तो छातीच्या मध्ये बसला. ना वर, ना खाली, आणि लाळसुद्धा गिळता येईना. वीस मिनिटांनी उतरला. त्या वीस मिनिटांत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. पोळी-भाकरी त्यानंतर दुधात कुस्करूनच, पुढचा महिनाभर. सोडा आणि थंड पेयं बंद, जड उचलणं दीड महिना बंद.

ढेकर नीट येत नाही. उलटी करावीशी वाटली तरी काहींना होत नाही. हवा वर येत नाही म्हणून खालून जाते, पोट फुगतं. बहुतेकांचं हे काही महिन्यांत कमी होतं, काहींचं थोडंफार राहतं. आमच्याकडे ढेकर अजून पूर्वीसारखी येत नाही. पण गेल्या तीन वर्षांत ते रात्री ठसका लागून उठलेले नाहीत. ते म्हणतात, सौदा परवडला.

सगळ्यांनाच तो कायमचा परवडेल असं नाही. स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्या २,६५५ लोकांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सरासरी पाच वर्षांत त्यातल्या १७.७ टक्के लोकांना त्रास परत सुरू झाला. बहुतेकांना पुन्हा गोळी लागली, थोड्यांना पुन्हा ऑपरेशन. युरोपातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, गोळी लागू पडणाऱ्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी त्रासमुक्त राहिलेले गोळीच्या गटात ९२ टक्के होते, ऑपरेशनच्या गटात ८५. म्हणजे गोळी सोसते आणि पुरते, त्याला घाई करायचं काही कारण नाही. आणि अस्तर बदललेलं असेल, म्हणजे बॅरेट्स असेल, तर ऑपरेशननंतरही ठरलेल्या वेळी एंडोस्कोपी करतच राहावं लागतं.

औषधांबद्दल आमच्या कामाची सूचना: ऑपरेशननंतर मोठ्या गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून घरी कुटून घेऊ नका. पँटोप्राझोलवरचं आवरण फुटलं तर पोटातलं आम्लच ती निकामी करतं. बीपी-शुगरच्याही काही गोळ्या कुटायच्या नसतात. यादी घेऊन या. कशाचं सिरप मिळतं, काय कुटता येतं, ते आम्ही डॉक्टरांना फोन करून ठरवून देतो.

नागपुरात कुठे विचारायचं

धंतोली-रामदासपेठेत पोटाचे तज्ज्ञ आणि दुर्बिणीचे सर्जन बरेच आहेत. खासगी परवडत नसेल तर मेडिकलचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स, यांच्या ओपीडीत दाखवा. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी विमा असेल तर जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत संपलीय का, ते कंपनीकडून लेखी घ्या. सर्जनना संकोच न करता विचारा: हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता, मला वेढा कोणता आणि का, आणि बिघडलं तर पुढे काय.

या कागदाच्या मागे कोरा तक्ता छापला आहे: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या सालापासून, दिवसातून कितीदा, जेवणाआधी की नंतर, आणि गोळी चालू असतानाही काय उरतं, जळजळ की घशाशी येणं. जुन्या स्ट्रिपा आणि चिठ्ठ्या पिशवीत घालून आणा. दुपारी दोन ते चार गर्दी नसते, तेव्हा बसून आम्ही तो भरून देऊ. त्याचे पैसे नाहीत. डॉक्टरांकडे जाताना तो फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.