मायनर विषय म्हणून सार्वजनिक आरोग्य: सोलापुरातून पाहिलेली पार्श्वभूमी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020मुळे कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या जोडीने दुसरा एखादा विषय मायनर म्हणून सलग काही सत्रे शिकण्याची सोय झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या 120 श्रेयांकांपैकी (क्रेडिट) किमान 24 श्रेयांक मायनरला दिलेले आहेत. या जागी सार्वजनिक आरोग्य शिकवावे, ही कल्पना नवी वाटते. पण हा विषय पदवीच्या वर्गाबाहेर इतका काळ का राहिला, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

1860मध्ये सोलापूरला रेल्वे आली, 1877मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि गिरणीच्या भोंग्याभोवती दाटीवाटीची वस्ती वाढत गेली. जिल्ह्यातच पंढरपूर असल्याने आषाढीच्या गर्दीबरोबर पटकीची धास्तीही दरवर्षी येत असे. 1896मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि तो रेल्वेमार्गाने पसरला, त्यातून सोलापूरही सुटले नाही. सरकारने 1897मध्ये साथरोग कायदा केला. झडती घेणे, रोग्याला वेगळे ठेवणे, घर रिकामे करवणे ही सारी हुकमाची कामे होती. रोग कुठून येतो आणि कोणत्या वस्तीत का रेंगाळतो, हे लोकांनी शिकण्याचा विषय आहे, असे त्या व्यवस्थेला वाटले नाही.

पुढे शिक्षण सुरू झाले, तेही वैद्यकाच्या कुंपणात. 1932मध्ये कोलकात्यात सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. 1946च्या भोर समितीच्या अहवालाने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाला डॉक्टरांच्या शिक्षणात मानाची जागा मागितली. सोलापुरात 1963मध्ये वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हेच प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक ‘पीएसएम’ या नावाने एमबीबीएसचा विषय होऊन गेलेले होते. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या या जन्मगावात आरोग्य म्हटले की डॉक्टरच आठवावा, यात नवल नाही. पण उजनीचे पाणी वस्तीपर्यंत किती दिवसांनी आणि कशा अवस्थेत पोचते, हा प्रश्न केवळ डॉक्टरच्या आवाक्यातला नाही.

अमेरिकेतही आरंभ याहून फारसा वेगळा नव्हता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1916मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्याची शाळा पदव्युत्तर शिक्षणासाठी होती. 1976मधील लीजनेअर रोगाच्या (न्यूमोनियाचा एक गंभीर प्रकार) तपासाचे नेतृत्व केलेले डेव्हिड फ्रेझर पुढे एका उदारकला (लिबरल आर्ट्स) महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि 1987मध्ये त्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये असे मांडले की साथरोगशास्त्र हा उदारकला शिक्षणाचाच विषय आहे, कारण तुलना, शक्यता आणि पुरावा तोलण्याची सवय त्यातून लागते. 2003मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पदवीच्या सर्वच विद्यार्थ्यांना या विषयाची संधी मिळावी, अशी शिफारस केली.

भारतात त्याच सुमारास, सर्वोच्च न्यायालयाच्या 1991च्या आदेशाला अनुसरून, पर्यावरण अभ्यासाचा अनिवार्य पेपर पदवीला आला. त्याआधी 1969पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतीच. पेपर पाठांतरात अडकला आणि शिबिरात खराटा हातात आला, आकडा नाही, असे माझे मत आहे. मायनरमध्ये मात्र भूगोलाचा विद्यार्थी पाणीपुरवठ्याच्या पाळ्यांचा नकाशा काढू शकेल, संख्याशास्त्राचा विद्यार्थी मृत्युनोंदी वाचू शकेल आणि अर्थशास्त्राची विद्यार्थिनी विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी व त्यांचा खोकला एकाच तक्त्यात मांडू शकेल. ‘गौण विषय’ हे मराठी नाव अशा कामाला शोभत नाही.

अडचण शिकवणाऱ्यांची आहे. सोलापूरची बिगरवैद्यकीय महाविद्यालये 2004मध्ये स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाकडे आहेत, तर वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे ‘पीएसएम’चे प्राध्यापक आणि बी.ए.चा वर्ग एकाच शहरात असले, तरी त्यांचे श्रेयांक, वेळापत्रके आणि परीक्षा दोन वेगळ्या विद्यापीठांच्या नियमांनी चालतात. हा अभ्यासक्रम उभा करायचा, तर पहिली बैठक या दोघांची घ्यावी लागेल.