क्यूएलईडी की ओएलईडी? चवथीआधी टीव्ही घेणाऱ्यांसाठी

श्रावणातल्या एका शुक्रवारी बाजाराच्या निमित्ताने म्हापशाला गेलो होतो. मावशीला नवा टीव्ही घ्यायचा होता, म्हणून जाता जाता एका दुकानात शिरलो. शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी विक्रेत्याला विचारलं, “हा क्यूएलईडी आणि तो ओएलईडी, दोन्ही एकच ना?” विक्रेता म्हणाला, “हो काका, दोन्ही एलईडीच. तो जरा भारीतला, एवढंच.” दोन्ही टीव्ही ५५ इंचीच होते, पण किमतीत जवळपास पन्नास हजारांचा फरक होता. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की प्रत्येक दुकानात ही अशीच उत्तरं मिळतात आणि माणसं त्या भरवशावर वर्षाची शिल्लक मोजून देतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नावांत एका अक्षराचा फरक असला तरी हे दोन टीव्ही उजेड अगदी वेगळ्या पद्धतीने तयार करतात. दिवाळीचा आकाशकंदील डोळ्यांसमोर आणा. आत एकच दिवा असतो आणि बाहेर रंगीत कागद. कंदिलाचा एखादा कोपरा काळा हवा असेल तर तिथे काळा कागद लावावा लागतो, तरी आतला दिवा जळतच असतो आणि कागदातून थोडा उजेड झिरपतोच. क्यूएलईडी हा असा कंदील आहे. आता तुळशीवृंदावनाभोवती मांडलेल्या पणत्या आठवा. प्रत्येकीची ज्योत स्वतःची. जिथे अंधार हवा तिथली पणती विझवली की तिथे खराखुरा अंधार. ओएलईडी म्हणजे या पणत्या. फोर-के टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ओएलईडीत यातला प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो.

गंमत अशी की साध्या ‘एलईडी टीव्ही’तही चित्र एलईडीचं नसतंच. पडदा असतो एलसीडीचा, म्हणजे द्रवस्फटिकांच्या बारीक झडपांचा. एलईडी दिवे असतात पाठीमागे, त्या झडपांना उजेड पुरवायला. क्यूएलईडीत या रचनेवर एका पातळ फिल्मची भर पडते. मागचे दिवे निळे असतात आणि त्या फिल्ममध्ये अवघ्या काही नॅनोमीटरचे स्फटिक पसरलेले असतात. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात, नावातला ‘क्यू’ तिथूनच आला. निळा उजेड पडला की त्यांतले थोडे मोठे स्फटिक लाल प्रकाश देतात, लहान स्फटिक हिरवा. द्रव्य तेच, फक्त आकार बदलला की रंग बदलतो. याच शोधासाठी मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे खरोखर मोठं विज्ञान आहे आणि आज ते आपल्या हॉलमधल्या भिंतीवर येऊन बसलंय, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ही फिल्म रंग सुधारते, अंधार नाही. लाल अधिक लाल दिसतो, भाताच्या रोपांचा हिरवा खरा वाटतो. रात्रीच्या दृश्यातला काळा मात्र साध्या एलईडीइतकाच करडा राहतो. ‘क्यू’ या अक्षराचे पैसे म्हणजे रंगाचे पैसे. काळा रंग सुधारायचा तर मागच्या दिव्यांची व्यवस्था बदलायला हवी. त्या व्यवस्थेबद्दल खोक्यावर मोठ्या अक्षरांत काहीच लिहिलेलं नसतं.

ती व्यवस्था तीन प्रकारची असते. सगळ्यात स्वस्त प्रकारात दिवे फक्त कडेला असतात, किंवा मागे सगळे एकत्रच उजळतात आणि एकत्रच मंदावतात. दुसऱ्या प्रकारात मागचे दिवे गटागटांत विभागलेले असतात आणि जिथे चित्र काळं तिथला गट मंद होतो. याला फुल अ‍ॅरे लोकल डिमिंग म्हणतात, गटांना झोन. तिसरा प्रकार मिनी एलईडी. यात दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, त्यामुळे झोन शेकड्यांत जातात. मधल्या किमतीत माझ्या मते जीव आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. लोकल डिमिंग नसलेला क्यूएलईडी घेण्यापेक्षा चांगला साधा एलईडी घेऊन उरलेले पैसे साउंडबारला लावा, असं मी ओळखीच्यांना स्पष्ट सांगतो. खोक्यावर ‘मायक्रो डिमिंग’ लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. ते बहुतेक वेळा चित्रावर सॉफ्टवेअरने केलेलं काम असतं, मागचे दिवे जसेच्या तसे जळत असतात.

ओएलईडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय द्रव्याच्या पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला उजेड काढून दाखवला. २००७ मध्ये सोनीचा पहिला ओएलईडी टीव्ही आला, अवघा ११ इंचांचा. मोठ्या आकाराचे २०१३ पासून बाजारात आले. नावातला ‘ओ’ म्हणजे ऑर्गॅनिक, सेंद्रिय. या टीव्हीचं सगळं बरंवाईट त्या एका शब्दात आहे.

बरं काय ते आधी. दारं-खिडक्या बंद करून, दिवे मालवून एखादा चांगला सिनेमा लावा. पणजीला इफ्फी या चित्रपट महोत्सवात काळोख्या थिएटरात बसून पाहिल्यावर जे वाटतं, त्याच्या जवळपास घरी नेणारा टीव्ही हाच. काळ्या पडद्यावर श्रेयनामावलीची पांढरी अक्षरं चढू लागली की ती हवेत तरंगल्यासारखी दिसतात. क्यूएलईडीवर त्याच अक्षरांभोवती फिकट धुक्याचं वलय दिसतं, कारण अक्षर उजळवायला त्या झोनमधला आजूबाजूचा दिवाही जळतो. दुसरी गोष्ट बाजूने पाहण्याची. चवथीला मूळ घरी वीस-पंचवीस माणसं जमतात. कोणी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली, कोणी दाराच्या चौकटीला टेकून. क्यूएलईडीत बहुतेक वेळा व्हीए जातीचा पॅनल असतो. समोरून तो झकास, पण बाजूला सरकलात की रंग धुतल्यासारखे होतात. ओएलईडीवर कोपऱ्यात बसलेल्या आजीलाही तेच चित्र दिसतं. फुटबॉलवेड्या घरांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. कॅमेरा हिरव्या मैदानावरून भराभर सरकतो तेव्हा स्वस्त एलसीडी पडद्यावर मळकट पट्टे फिरल्यासारखे दिसतात, कारण मागचा उजेड सगळीकडे सारखा नसतो. ओएलईडीवर हे क्वचितच जाणवतं, चेंडूमागे शेपूटही राहत नाही.

आता दुसरी बाजू. सेंद्रिय द्रव्य वापरानुसार झिजतं आणि त्यातही निळा ठिपका सगळ्यांत लवकर. फोंड्यात ओळखीच्या एका घरी मी हे जवळून पाहिलं. घरातले आजोबा सकाळी चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवायचे. तीन वर्षांनी क्रिकेटचा सामना लावला, कॅमेरा आकाशाकडे वळला आणि त्या निळ्यावर खाली एक आडवा पट्टा उमटला. ब्रेकिंग न्यूजचा पट्टा. वर कोपऱ्यात वाहिनीच्या चिन्हाची सावली. पडदा जळलेला नव्हता. त्या जागचे ठिपके रोज तीच अक्षरं दाखवून इतरांपेक्षा जास्त म्हातारे झाले होते. वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीने कळवलं. आजोबांनी त्यानंतर बातम्या लावायलाच संकोच करायला सुरुवात केली. आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीवर. मला ते फार लागलं, कारण चूक त्यांची नव्हती. टीव्ही विकताना त्यांचा दिवस कसा जातो हे कोणी विचारलंच नव्हतं.

नव्या ओएलईडींत यावर उपाय असतात. चित्र हळूच इकडेतिकडे सरकवणं, स्थिर चिन्ह ओळखून तिथला उजेड उतरवणं. सगळ्यात महत्त्वाचा उपाय टीव्ही बंद केल्यावर चालतो. काही तास बघून झालं की टीव्ही स्टँडबायवर असताना आतल्या आत सगळे ठिपके तपासून झीज समतोल करून घेतो. यासाठी रिमोटने बंद केल्यावरही त्याला वीज मिळत राहावी लागते. आणि इथे आपल्या घरातली रीत आडवी येते. झोपण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यात जूनच्या सुरुवातीला आणि पाऊस परतताना गडगडायला लागलं की आई आधी टीव्हीची पिन काढते. ती बरोबरच करते. पण ज्या घरात रोज रात्री स्विच बंद होतो तिथे ओएलईडीला ही दुरुस्ती करायला वेळच मिळत नाही. तेव्हा ओएलईडी घेणार असाल तर घरातल्या सगळ्यांशी आधी हे बोला. रोज रिमोटनेच बंद, पिन फक्त वीज कडाडायला लागली की काढायची. क्यूएलईडीला यातलं काहीच लागत नाही, रोज स्विच बंद करा, त्याला फरक पडत नाही.

दमट हवेबद्दल हमखास विचारलं जातं. पाणी आणि प्राणवायू हे सेंद्रिय थराचे शत्रू आहेत हे खरं, पण म्हणूनच तो थर कारखान्यातच घट्ट सीलबंद करतात. आपल्या पावसाळ्याने ओएलईडी खराब होतो ही भीती सोडून द्या. कळंगुट-मोरजीच्या बाजूला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, त्रास होतो तो सर्किट बोर्डांना आणि पोर्टांना. तो दोन्ही प्रकारांना सारखाच. भिंतीला ओल येत असेल तर टीव्ही तिला चिकटवून लावू नका, मागे हवा खेळू द्या. विजेसाठी सर्ज प्रोटेक्टर घ्या आणि गडगडाटात डिशची व इंटरनेटची केबलही काढा, कारण तडाखा तिकडूनही येतो.

उजेडाचं मात्र आपल्याकडे खरंच महत्त्व आहे. गोव्यातली घरं मोकळी, मोठ्या खिडक्यांची, दिवसभर दारं उघडी. अशा हॉलमध्ये ओएलईडीचा गडद काळा दुपारी दिसतच नाही, पडद्यात उलट खिडकी दिसते. शिवाय पूर्ण पडदा उजळ असेल, बातम्यांचा स्टुडिओ किंवा क्रिकेटचं मैदान, तर मधल्या किमतीतला ओएलईडी स्वतःचा उजेड खाली आणतो. चांगला क्यूएलईडी, विशेषतः मिनी एलईडीचा, तिथे ठाम राहतो.

हिशेबाचं सांगायचं तर ५५ इंचांत लोकल डिमिंगवाले क्यूएलईडी साधारण पन्नास-साठ हजारांत मिळतात, मिनी एलईडी थोडे पुढे, ओएलईडी लाखाच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या किमती मनात धरून जाऊ नका. टीव्ही दिवसभर चालतो, बातम्या, मालिका, भजनं, आणि बघणारे घरातले सगळे, तर क्यूएलईडीच घ्या, मनात किंतू न ठेवता. ज्या घरात दोन-तीन माणसं रात्री आठनंतर काळोखात सिनेमे आणि सामने बघतात, तिथे ओएलईडीचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. मधला रस्ता म्हणून स्वस्तातला, छोटा ओएलईडी घेऊन तो उजेडाच्या हॉलमध्ये लावणं, हे मी कोणाला सुचवणार नाही.

दुकानात सगळे टीव्ही सारखे झगमगतात, कारण ते दुकानासाठीच्या मोडवर असतात आणि वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असतो. विक्रेत्याला चित्र ‘सिनेमा’ मोडवर आणायला सांगा. मग एखाद्या सिनेमाची शेवटची नावं लावायला सांगा. दोन पावलं बाजूला सरून बघा, मग खाली वाकून बघा. शोकेसच्या वर उंच लावणार असाल तर घरी तो तसाच दिसेल. त्यानंतर रोजच्या डिशवरची साधी वाहिनी लावायला सांगा, कारण दिवसाचे सात-आठ तास तुम्ही तेच बघणार आहात. ५५ इंचांवर ती पुसट दिसली तर ६५ इंचांवर आणखी पुसट दिसेल.

मावशीसाठी शेवटी ५५ इंची क्यूएलईडी घेतला, लोकल डिमिंगवाला. डिचोलीच्या तिच्या घरात दुपारी दोनला पश्चिमेची खिडकी उघडी असते आणि ती बंद करायला ती तयार नाही. झोपताना ती स्विच बंद करते. टीव्ही बसवणाऱ्या मुलाने आधी सवयीने वर, घड्याळाखाली खुणा केल्या होत्या. त्या पुसून दीड फूट खाली घ्यायला लावल्या. आता ती पाटावर बसून गजरे करते तेव्हाही चित्र तिच्या डोळ्यांच्या रेषेत येतं.