इग्निशन टायमिंग आणि मोटारसायकलची कमी रेसवरची चाल

पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी प्लगची ठिणगी पडते, त्या मापाला इग्निशन टायमिंग म्हणतात. हे अंश क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, फिरण्याचे. पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटून दाब चढायला वेळ लागतो, आणि तो दाब पिस्टन खाली उतरू लागल्यावर, टोकापासून साधारण १५ अंशांच्या आसपास, कमाल व्हावा लागतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर १० अंश फिरायला सुमारे १.१ मिलिसेकंद मिळतात. ६००० फेऱ्यांवर जेमतेम ०.२८. म्हणून रेस वाढेल तशी ठिणगी आधी पाडावी लागते. हाच ॲडव्हान्स.

मग कमी रेसवर ॲडव्हान्स कमीच हवा, हा समज अर्धाच खरा आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर गाडी सरकते, तेव्हा मूठ किंचितच उघडी असते. सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण थोडे येते आणि आधीच्या फेरीतला जळका वायू त्यात बराच उरतो. असे मिश्रण सावकाश जळते, तेही दर वेळी वेगळ्या गतीने. त्यात ठिणगी उशिरा पडली तर एक ठोका जोरकस आणि पुढचा पोकळ बसतो, गाडी हिसके मारते. फार आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब त्याला अडवतो. इंजिन खडखडते, चालू करताना किक उलटी मारते.

पॉइंटच्या (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक स्विचच्या) जुन्या बुलेटमध्ये ॲडव्हान्स फिरत्या वजनांवर चालतो. त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या की वजने स्लोवरच (मूठ सोडलेली असताना इंजिन चालते त्या किमान रेसवर) अर्धवट उघडतात, टायमिंग पुढेमागे होत राहते आणि रेस आपोआप चढते-उतरते. पॉइंटची टाच झिजली तर फट कमी होऊन ठिणगी उशिरा पडते. अशा वेळी बहुतेक जण आधी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवतात. खरे तर चेनचा ढिलेपणा आणि ॲक्सिलरेटर केबल पाहून लगेच टायमिंग तपासणे जास्त शहाणपणाचे.

मिश्रण सावकाश जळण्याच्या प्रश्नावरचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यातल्याच कंपनीने दिले. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरला एका सिलिंडरमागे दोन प्लग दिले (डीटीएस-आय). ज्योतीला अंतर कमी कापावे लागते, त्यामुळे पातळ मिश्रणही भरवशाने जळते आणि ॲडव्हान्स कमी पुरतो. जोडीला ट्रिक्स ही व्यवस्था होती: थ्रॉटल किती उघडला हे कार्ब्युरेटरवरचा चुंबकीय स्विच सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) कळवतो आणि सीडीआय त्यानुसार टायमिंग बदलते. केवळ फेऱ्या नव्हे, मुठीची स्थितीही टायमिंग ठरवू लागली, हे त्यातले मोठे पाऊल.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांमुळे फ्युएल इंजेक्शन जवळपास सगळीकडे आले. आता ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) ठिणगी काही अंश पुढेमागे करून स्लो स्थिर ठेवतो, कारण हवा कमीजास्त करण्यापेक्षा ठिणगीचा परिणाम लवकर, पुढच्याच ठोक्याला दिसतो. कात्रजचा घाट उतरताना मूठ सोडली की इंधन बंद होते. ती पुन्हा उघडताच ठिणगी क्षणभर उशिरा पाडली, तर चेनचा ढिलेपणा झटका न बसता भरून निघतो.