कुटुंबसमूह परिषद

न्यूझीलंडमधील बालसंरक्षणाची एक वैधानिक बैठक. मुलाची हेळसांड वा छळ होत असल्यास त्याच्या संगोपनाचा निर्णय प्रथम नातेवाइकांनी एकत्र बसून घ्यावा, हे तिचे तत्त्व. १९८९ च्या कायद्याने (२०१७ पासूनचे नाव ‘ओरांगा तामारिकी कायदा’) ती अस्तित्वात आली. विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) मुलांसाठीही ती भरते. तेथे पीडितालाही येता येते.

परिषदेचा उगम वादग्रस्त आहे. माओरी या तेथील मूळ रहिवाशांच्या फानाऊच्या (विस्तारित कुटुंबाच्या) ‘हुई’ या सभेतून ती आली, हे रूढ मत. जॉन रांगिहाऊ यांच्या समितीचा ‘पुआओ-ते-आता-तू’ (पहाट) हा अहवाल त्यासाठी पुढे केला जातो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील या अहवालाने समाजकल्याण खात्यातील संस्थात्मक वंशभेद उघड केला आणि मूल एकट्या आईबापाचे नसून फानाऊ, हापू (उपजमात) व इवी (जमात) यांचे असते, हे ठासून मांडले. उलट हुआन टौरी आदी अभ्यासकांच्या मते शासनाने माओरी रीतीतले सोयीचे तेवढे उचलले. मोआना जॅक्सन यांनी १९८८ मध्ये सुचवलेली स्वतंत्र माओरी न्यायव्यवस्था मात्र शासनाने स्वीकारली नाही. कायद्याची कलमे वाचता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते: परिषद बोलावतो तो कायद्याने नेमलेला समन्वयक, आणि ठरलेल्या गोष्टीला खात्याची संमती लागते. माओरी छाप स्पष्ट दिसते ती मधल्या टप्प्यात. माहिती सांगून झाली की समन्वयक आणि अधिकारी खोलीबाहेर जातात आणि आजी-आजोबा, मामा-आत्या आपसांत बोलतात. त्यांनी बोलावले तरच इतरांना आत थांबता येते.

याहून जुनी रीत ‘फांगाई’ची. मूल आजी-आजोबांकडे वा अन्य आप्तांकडे वाढे, पण जन्मदाते कोण हे त्याला ठाऊक असे आणि वंशावळ (फाकापापा) तुटत नसे. १९५५ च्या दत्तक कायद्याने या रीतीला मान्यता नाकारली.

कायद्यात घातलेल्या ‘७ एए’ कलमाने २०१९ पासून बालकल्याण खात्याच्या प्रमुखावर वायटांगी तहाविषयीची (ब्रिटिश राजसत्ता व माओरी यांच्यातील १८४० च्या कराराविषयीची) कर्तव्ये आली. वायटांगी न्यायाधिकरणाच्या (तहभंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या संस्थेच्या) बालसंरक्षणाविषयीच्या २०२१ च्या अहवालाचे नाव ‘पा हाराकेके’ म्हणजे हाराकेकेच्या झुबक्यावरून आहे. या तागासारख्या झाडाची बाहेरची पाने तेवढी कापतात. मधला कोंब (मूल) आणि त्याला बिलगलेली पाने (आईबाप) राखतात. ‘७ एए’ कलम २०२५ मध्ये रद्द झाले. परिषदेची कलमे कायम आहेत.