ब्लिट्झने हात बिघडतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

"ब्लिट्झ खेळू नकोस, हात बिघडेल," असं बहुतेक बुद्धिबळ प्रशिक्षक मुलांना बजावतात. ब्लिट्झ म्हणजे प्रत्येकाला मोजून काही मिनिटंच मिळणारा झटपट डाव. तीच मुलं बघतात की जगातले कितीतरी ग्रँडमास्टर फावल्या वेळात ब्लिट्झच खेळत बसलेले असतात. मग खरं काय? हा वाद आजचा नाही. पटाशेजारी घड्याळ आलं तेव्हाच त्याची बीजं पडली.

१८४३ मध्ये पॅरिसला स्टाँटन आणि सेंट-अमाँ यांचा सामना झाला तेव्हा वेळेचं बंधनच नव्हतं. त्यातला एक डाव चौदा तासांहून जास्त चालला. १८५१ च्या लंडन स्पर्धेतही घड्याळ नव्हतं, आणि प्रतिस्पर्धी चाल करायला तासन्‌तास लावतो ही तक्रार तिथे उघडपणे झाली. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली: २४ चालींना दोन तास, म्हणजे चालीला पाच मिनिटं. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने बनवलेलं जोडघड्याळ वापरलं गेलं आणि तासाला १५ चाली हा दर ठरला. लोकांचा वेळ वाचावा एवढाच या सगळ्याचा हेतू होता, झटपट खेळावं असा नव्हता. पण एकदा वेळ मोजता येऊ लागला की तो कमीही करता येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या क्लबांत दर दहा सेकंदांनी घंटा वाजायची आणि घंटेसरशी चाल करावीच लागायची. या प्रकारात कापाब्लांकाला तोड नव्हती. १९१४ मध्ये बर्लिनला त्याने जगज्जेत्या लास्करलाही झटपट डावांत हरवलं. जगज्जेतेपद मात्र त्याला १९२१ मध्ये, लांबलचक डावांच्या सामन्यात मिळालं. पुढे दोन घड्याळांवर पाच-पाच मिनिटं लावण्याची पद्धत रुळली आणि जर्मन भाषेतला 'ब्लिट्झ', म्हणजे वीज, हा शब्द जगभर चालू लागला.

वादाला खरी धार आली ती सोव्हिएत संघात. तिथला जगज्जेता मिखाईल बोटविनिक याला ब्लिट्झचं वावडं होतं. आयुष्यात एकदाच, १९२९ मध्ये रेल्वेत, आपण ब्लिट्झ खेळलो, असं तो सांगायचा म्हणतात. त्याची शिस्त वेगळीच होती: पूर्ण वेळेचे सरावडाव, प्रत्येक डावाचं लेखी विश्लेषण, आणि ते छापून लोकांच्या टीकेसाठी खुलं करणं. त्याच देशात ताल, पेत्रोसियन आणि ब्रॉनस्टाइन ब्लिट्झचे दर्दी होते. तिघांचाही खेळ जगात वरच्या पायरीवरचा होता. म्हणजे एकाच व्यवस्थेत घडलेल्या माणसांनी उलटसुलट सवयी ठेवूनही शिखर गाठलं. प्रशिक्षकांनी उचलला तो बोटविनिकचा कित्ता, कारण शाळेत तोच शिकवता येतो.

एप्रिल १९७० मध्ये युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोव्ही गावी बारा जणांची ब्लिट्झ स्पर्धा झाली. अमेरिकेच्या बॉबी फिशरने २२ पैकी १९ गुण घेतले आणि फक्त एक डाव गमावला, तो कोर्चनॉयशी. दुसऱ्या क्रमांकावरच्या तालचे गुण होते साडेचौदा. दोनच वर्षांनी फिशर जगज्जेता झाला. गंमत अशी की ब्लिट्झ माणसाच्या कल्पना मारून टाकतं, हे वाक्यही फिशरच्याच नावावर सांगितलं जातं. ते त्याचं असो वा नसो, त्या वाक्याला फिशरचा आधार द्यावासा वाटतो यातच प्रश्नाची मेख आहे. फिशर ब्लिट्झमुळे फिशर झाला नाही. रशियन मासिकं वाचता यावीत म्हणून रशियन शिकलेला, हजारो डाव पाठ असलेला माणूस पाच मिनिटांच्या डावाला बसला, तेव्हा ते सगळं त्याच्या हाताखाली तयार होतं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण विश्वनाथन आनंदचं. चेन्नईच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या ताल चेस क्लबमध्ये तो लहानपणी ब्लिट्झ खेळायचा. रीत अशी की जिंकणारा पटावर टिकणार, हरणाऱ्याने उठून रांगेच्या शेवटी जायचं. आनंदचा वेग बघून पुढे त्याला 'लाइटनिंग किड' म्हटलं जाऊ लागलं. १९८७ मध्ये तो ज्युनियर जगज्जेता झाला, १९८८ मध्ये ग्रँडमास्टर. या गोष्टीतून लोक फक्त 'आनंद ब्लिट्झ खेळून मोठा झाला' एवढंच उचलतात. रांगेकडे कोणी बघत नाही. हरलेल्या मुलाला पुढचे कितीतरी डाव उभं राहून बघावे लागत. ज्याने हरवलं तोच समोर खेळतोय, भोवती आपल्यापेक्षा जाणते लोक उभे आहेत, कुठे चुकलं ते तिथल्या तिथे ऐकायला मिळतंय. ती सक्तीची उसंत हाच त्या ब्लिट्झमधला शिकण्याचा भाग होता.

संशोधनाने या वादात भर घातली, थोडा गोंधळही वाढवला. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी खेळाडूंना डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली आणि आठवणीतून मांडायला सांगितली. मास्टर दर्जाच्या खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे बरोबर मांडले. मोहरे कसेही विखरून ठेवले तेव्हा मात्र त्याची सरशी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे तल्लख खेळाडू सुटे मोहरे नाही, ओळखीच्या आकृत्या बघतो. २००४ मधल्या ब्रूस बर्न्सच्या अभ्यासात खेळाडूंच्या ताकदीतला ८१ टक्क्यांपर्यंतचा फरक ब्लिट्झमधल्या कामगिरीवरून सांगता आला. झटपट खेळाच्या समर्थकांनी हा आकडा डोक्यावर घेतला. पण हा आकडा सांगतो ते एवढंच की ब्लिट्झ ताकद *मोजतं*. ताकद *वाढवतं* असं त्यातून निघत नाही. वजनकाट्यावर रोज उभं राहिल्याने वजन उतरत नाही. ताकद वाढण्याशी ज्याचा सर्वांत घट्ट संबंध दिसला ती गोष्ट २००५ मध्ये चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आली: एकट्याने बसून केलेला गंभीर अभ्यास. आणि २००३ मध्ये शॅब्रिस आणि हर्स्ट यांनी ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाने तपासले तेव्हा वेळ कमी झाल्यावर त्यांच्याही चुका वाढलेल्या दिसल्या. विचार करायला वेळ मिळतो तेव्हा ग्रँडमास्टरही त्याचं सोनं करतात.

साधा हिशेब करून बघा. ४० चालींचा डाव धरला तर ९० मिनिटं अधिक ३० सेकंद (म्हणजे प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची वाढ) या वेळेत चालीला पावणेतीन मिनिटं येतात. १५ अधिक १० मध्ये साडेबत्तीस सेकंद, ३ अधिक २ मध्ये साडेसहा, एक मिनिटाच्या बुलेटमध्ये दीड सेकंद. साडेबत्तीस सेकंदांत दोन पर्याय ताडून बघता येतात. साडेसहा सेकंदांत मनात आलेली पहिली चाल फार तर एकदा तपासता येते. दीड सेकंदात तेही नाही.

हे पटावर कसं दिसतं ते बघा (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, × म्हणजे मारणं, आकड्यापुढची तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल). १.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४ घोडा एफ६ ४.घोडा जी५ डी५ ५.ई×डी५. इथे काळा सहज हाताने ५...घोडा×डी५ खेळतो, कारण प्यादं परत मिळतंय. मग ६.घोडा×एफ७ राजा×एफ७ ७.वजीर एफ३ शह. डी५ वरचा घोडा वाचवायला राजा ई६ वर यावा लागतो, ८.घोडा सी३ होतो, आणि भर पटाच्या मध्यात उघडा पडलेला राजा खिळलेल्या, म्हणजे हलला तर राजालाच शह बसेल अशा, घोड्याची राखण करत बसतो. एका संध्याकाळी तीस ब्लिट्झ डाव खेळणारा मुलगा ही स्थिती चार वेळा हरतो, दोन वेळा समोरच्याची वेळ संपल्यामुळे जिंकतो, आणि ५...घोडा×डी५ 'ठीक चालतं' असं हाताला शिकवतो. जे मूल एकदाच दहा मिनिटं थांबून बघतं त्याला ५...घोडा ए५ सापडतं: आधी उंटाला डिवचायचं, ६.उंट बी५ शह आला की सी६, आणि एका प्याद्याच्या बदल्यात मोहरे भराभर बाहेर काढायचे. हात बिघडतो तो असा. वेगाने खेळल्यामुळे नाही, चूक न तपासता पुन्हा पुन्हा गिरवल्यामुळे.

घड्याळात मोठा बदल केला तोही फिशरनेच. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचं अमेरिकन पेटंट त्याला १९८९ मध्ये मिळालं आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलं गेलं. त्याआधीच्या पाच मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये अंत्यडाव, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेला शेवटचा टप्पा, ही घड्याळावरची झटापट असायची. दोन सेकंदांची वाढ मिळाल्यावर शिकलेला अंत्यडाव जिंकता येऊ लागला. पण शिकलेलाच. पांढऱ्याचा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळ्याचा राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याला जिंकायचं तर १.हत्ती ई१ शह, राजा डी७ २.हत्ती ई४. मग राजा एफ७, जी६, एफ६, जी५ असा शह चुकवत खाली येतो आणि शेवटचा शह जी४ वर हत्ती आडवा घालून थोपवतो. राजा आधीच बाहेर काढला तर आडोसा नसल्याने परत जी८ गाठावं लागतं. ज्याने हा 'पूल' पूर्वी घोटलाय तो दोन-दोन सेकंदांत बांधतो. ज्याने घोटला नाही त्याला तो दोन सेकंदांत सुचत नाही.

१९९० च्या दशकात इंटरनेटवरचे बुद्धिबळ सर्व्हर आले, २००७ मध्ये चेस डॉट कॉम, २०१० मध्ये लिचेस. रांग संपली, क्लबातले जाणते गेले. हरल्याक्षणी 'नवा डाव' हे बटण समोर येऊ लागलं. पूर्वीचं ब्लिट्झ आणि आजचं ब्लिट्झ यांतला खरा फरक हा आहे, आणि आजच्या प्रशिक्षकांची काळजी त्यामुळेच रास्त आहे.

दुसरीकडे जलद खेळाला अधिकृत मानही मिळाला. १९८८ मध्ये कॅनडातल्या सेंट जॉनला ब्लिट्झचं जगज्जेतेपद ५१ वर्षांच्या तालने पटकावलं. २०१२ पासून फिडे ही आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना रॅपिड आणि ब्लिट्झचं वेगळं रेटिंग देऊ लागली. आजच्या नियमाने, ६० चालींचा हिशेब धरून दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ, दहाच्या वर आणि साठच्या आत असेल तर रॅपिड. टाळेबंदीत २०२० चं ऑनलाइन ऑलिंपियाड १५ अधिक ५ या वेळेवर झालं आणि नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखाली भारत रशियासोबत संयुक्त विजेता ठरला. जुलै २०२५ मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटल्यावर निकाल रॅपिड टायब्रेकमध्ये लागला. त्यामुळे स्पर्धा खेळणाऱ्या कुणालाही जलद डाव टाळून चालत नाही. उलट बाजूही आहे. डी. गुकेश २०२४ मध्ये १८ व्या वर्षी जगज्जेता झाला तेव्हा त्याचं रॅपिड आणि ब्लिट्झ रेटिंग क्लासिकलपेक्षा शंभराहून जास्त गुणांनी खाली होतं.

शिकणाऱ्याने यातून काय उचलावं? बुलेट सरावात धरूच नये. दीड हजार रेटिंगच्या आत असलेल्याने १५ अधिक १० हा तळ मानावा. ब्लिट्झ खेळायचंच तर वाढ असलेलं, म्हणजे ३ अधिक २ किंवा ५ अधिक ३, आणि एका बैठकीत पाच-सहा डावच. दोन डाव लागोपाठ हरले की उठावं, कारण तिसरा डाव बुद्धीने नाही, रागाने खेळला जातो. प्रत्येक डावानंतर इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम) न लावता दोनच गोष्टी वहीत लिहाव्यात: आपल्या माहितीतली सुरुवात कितव्या चालीला संपली, आणि कुठल्या चालीला पहिल्यांदा अंदाजाने खेळलो. इंजिन त्यानंतर. सुरुवातीची नवी पद्धत अंगवळणी पाडायला असे वीस डाव उत्तम, कारण आठवड्याभरात समोरच्यांचे बहुतेक प्रतिसाद बघून होतात. वेळेच्या ओढाताणीत नेहमी अडकणाऱ्यालाही त्यांचा उपयोग होतो. गणन, म्हणजे चार-पाच चाली पुढचं नीट मोजणं, यांतून येत नाही. त्याला एक कोडं, पंधरा मिनिटं, आणि मोहऱ्यांना हात न लावता पूर्ण उत्तर कागदावर उतरवणं, हीच जुनी रीत लागते.