रिपोर्टातला गुडघा आणि पायातला गुडघा

काकूंनी टेबलावर आधी ते मोठं पाकीट ठेवलं, मग पर्स ठेवली आणि मग स्वतः टेकल्या. ‘अगं, गादी फाटलीय माझी,’ म्हणाल्या. कुठे दुखतं, कधीपासून, काय केलं की दुखतं, यातलं काहीही नाही, थेट निकाल. वय अठ्ठावन्न. रोज सकाळी पर्वती चढायचा नेम, तो महिन्यापासून बंद. कारण एमआरआयचा रिपोर्ट आला आणि त्यात ‘टिअर’, म्हणजे चीर, हा शब्द होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच. गेल्या काही वर्षांत एक बदल स्पष्ट दिसतो. पूर्वी लोक गुडघा घेऊन यायचे, आता रिपोर्ट घेऊन येतात. गुडघा मागून येतो, लंगडत.

काकूंच्या पाकिटाला मी लगेच हात लावला नाही. ‘आधी गुडघा बघते, मग फोटो,’ म्हटलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. एवढे पैसे मोजून काढलेला फोटो बघायचा सोडून ही बाई गुडघा काय चाचपतेय, असा चेहरा. पण गुडघ्याचं निदान बरंचसं हकिकतीत असतं आणि उरलेलं हातात. फोटो त्यावर शिक्का मारायला.

गुडघा म्हणजे मांडीचं हाड खाली येऊन नडगीच्या हाडावर टेकतं ती जागा. शरीरातला सगळ्यात मोठा सांधा. मांडीच्या हाडाची टोकं गोलसर आणि नडगीचा माथा जवळपास सपाट. म्हणजे परातीवर दोन नारळ ठेवावेत तसा प्रकार. ते घरंगळू नयेत म्हणून मधे दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या आहेत, डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. चार मुख्य दोर आहेत, म्हणजे लिगामेंट. दोन बाजूंना, आणि दोन आत एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे. पुढून वाटी. आणि हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर.

या कूर्चेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण अर्धे गैरसमज तिथे आहेत. कूर्चेला रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दबते, आतलं पाणी बाहेर जातं. पाऊल उचललं की पुन्हा शोषून घेते. म्हणजे चालणं हेच कूर्चेचं जेवण. ‘गुडघा दुखतोय ना, मग हलवायचाच नाही,’ हा घरोघरचा सल्ला तिला उपाशी ठेवतो. ‘वंगण संपलंय’ हे वाक्यही रोज ऐकते. ते इंजिनासारखं संपत नाही. उलट सुजलेल्या गुडघ्यात द्रव जास्तच होतो, ज्याला आपण ‘पाणी झालंय’ म्हणतो.

आणि कूर्चेला मज्जातंतूच नाहीत, तर ती झिजल्यावर दुखतं काय? दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूच्या गोष्टी. म्हणून एक्स-रेमध्ये भरपूर झीज आणि दुखणं नावाला, किंवा याच्या बरोबर उलट, असं सर्रास दिसतं.

आता हकिकत. माझा पहिला प्रश्न असतो, सूज कधी आली? एक कबड्डीपटू पोरगा आला होता, पिंपरीकडचा. चढाईत वळताना पाय जमिनीला चिकटून राहिला, अंग फिरलं, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा नारळाएवढा. कुणी धक्काही मारला नव्हता. एवढं ऐकलं की निदान निम्मं झालं. तासा-दोन तासांत टरारून आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं, आणि खेळताना असं झालं तर पहिला संशय पुढच्या फुलीदोरावर, म्हणजे एसीएलवर. हळूहळू, दुसऱ्या दिवशी सकाळी दिसणारी सूज असेल तर गादीकडे बघायचं. स्कूटरवरून पडून नडगीचा माथा समोर कशावर तरी आदळला, तर मागचा दोर, पीसीएल. आपल्या रस्त्यांवर हा तिसरा प्रकार काही दुर्मीळ नाही.

मग हात. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. दोर शाबूत असेल तर नडगी थोडी सरकते आणि ‘टक्’ करून थांबते. तुटलेला असेल तर ती थांबतच नाही, लोण्यातून ओढल्यासारखी येते. याला लॅकमन चाचणी म्हणतात. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची ही पद्धत, १९७६मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. ना यंत्र, ना वीज, आणि अनुभवी हातात एसीएल ओळखायला अजूनही फार भरवशाची. एकच अडचण, ताज्या दुखापतीत मांडीचे स्नायू आक्रसून बसलेले असतात, काही कळू देत नाहीत. अशा वेळी आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायचं. घाईत दिलेला निर्वाळा इथे फसतो.

एक्स-रे कधी काढायचा याचाही साधा हिशेब आहे. कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी १९९५मध्ये तो मांडला. मार लागल्यावर वय पंचावन्न किंवा त्यापुढे असेल, फक्त वाटीवरच दाबून दुखत असेल, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली लागणाऱ्या हाडाच्या गोळ्यावर दुखत असेल, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे काढा. काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी.

कबड्डीपटूचं पुढे काय? एसीएल तुटला की शस्त्रक्रिया हवीच, असं मैदानावर प्रत्येक जण सांगतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचाल करणाऱ्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१०मध्ये आला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. मात्र या पोराला पुन्हा चढाई करायची होती, गुडघा जिना उतरताना निसटत होता. त्याने करून घेतली. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून नवा दोर ओवतात. शस्त्रक्रिया तास-दीड तासाची, पण मैदानावर परतायला नऊ महिने तरी. त्या नऊ महिन्यांचं कुणी सांगत नाही. सहाव्या महिन्यात ‘आता काही दुखत नाही’ म्हणून खेळायला गेलेले परत माझ्याकडेच येतात, आणि तेव्हा त्यांच्याशी मी फार गोड बोलत नाही.

काकूंकडे वळू. दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीवर. चालताना फारसं नाही. उकिडवं बसून उठताना, आणि उतरताना. गुडघा अडकतो का? नाही. निसटतो का? नाही. सूज थोडी. गुडघा पूर्ण सरळ होत होता, पूर्ण वाकत होता, शेवटी थोडं कण्हणं. मग पाकीट उघडलं. आतल्या गादीला चीर होती, रिपोर्ट खोटा नव्हता.

पण चीर असणं आणि चिरेमुळे दुखणं वेगळं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, दुखतंय की नाही हे न बघता. २००८मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना गेल्या महिन्याभरात गुडघ्याची काहीही तक्रार नव्हती. म्हणजे पन्नाशीनंतर गादीला चीर पडणं हे बऱ्याच अंशी केस पांढरे होण्यासारखं. फोटोत दिसतं म्हणून तेच गुन्हेगार असं नाही.

फाटकी कडा दुर्बिणीने कापून टाकली तर? फिनलंडच्या डॉक्टरांनी फारच धीट प्रयोग केला, २०१३मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १४६ रुग्ण, गादीला झिजून पडलेली चीर. निम्म्यांची खरी शस्त्रक्रिया, निम्म्यांची लुटुपुटूची. म्हणजे भूल, छेद, दुर्बीण आत, आवाज सगळे खरे, पण गादीला हात नाही. कोणाचं काय झालं हे रुग्णाला कळू दिलं नाही. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. हे तरुणांच्या ताज्या दुखापतीला लागू नाही. गादीचा तुकडा उलटून सांध्यात अडकला आणि गुडघा सरळच होईना, तर शस्त्रक्रिया हवी आणि लवकर हवी. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. चीर तिथे असेल तर टाके घालून ती भरून येऊ शकते, आतल्या भागात ती आशा कमी.

काकूंना हे सगळं सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न अस्सल पुणेरी होता. ‘मग एमआरआयचे पैसे वाया?’

त्यांना मी जे दिलं ते दिसायला फारच किरकोळ होतं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. पाठीवर पडून सरळ पाय उचलून धरायचा. कुशीवर होऊन वरचा पाय वर. नंतर एका पायरीवर चढ-उतार. मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार वाटला जातो. आठ ते बारा आठवडे लागतात. तीन दिवसांत गुण येत नाही म्हणून लोक सोडतात आणि तेलवाल्याकडे जातात. तेलाला माझा विरोध नाही, चोळल्याने बरं वाटतं. पण मांडीला ताकद तेलाने येत नाही. कूर्चेसाठी म्हणून खपणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचंही तसंच. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६मध्ये आले, एकंदरीत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तरी औषधाच्या दुकानातलं त्यांचं फळीवरचं स्थान अढळ आहे.

आणि पर्वती? चढायला हरकत नव्हती. उतरणं जपून. सिंहगडाला जाणाऱ्या कुणालाही विचारा, चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. याचं मोजमाप झालेलं आहे. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच भारमापक बसवून रुग्णांना चालवलं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. साठ किलोच्या माणसाचा गुडघा उतरताना दोनशे किलोंच्या वर पेलतो. वजनापेक्षा भार जास्त, कारण स्नायू सांध्याला आवळून धरतात तो जोरही त्यात मिळतो. म्हणूनच वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. हा हिशेब २००५च्या एका अभ्यासातला आहे आणि माझ्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

वाटीच्या मागचं दुखणं हे तरुण मुलींमध्ये फार. तासन्‌तास पाय दुमडून लॅपटॉपपुढे बसायचं आणि शनिवारी एकदम गड. तिथेही उत्तर बहुतेक वेळा मांडी आणि कुल्ल्यातच असतं, वाटीत नाही. फक्त ‘कटकट’ आवाज येतो आणि दुखत नाही, तर तिकडे दुर्लक्ष करा.

खरी संधिवाताची झीज ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी आधी वजन, व्यायाम, वेदनाशामक मलम. आणि रात्रीची झोप उडू लागली, घरातल्या घरात चालणं मुश्कील झालं, की सांधा बदलणं. २००० साली पंतप्रधान असताना वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला आणि ही शस्त्रक्रिया घराघरांत पोचली. पुण्याचाही यात वाटा आहे. शिवाजीनगरच्या डॉ. कांतिलाल संचेतींनी भारतीय बनावटीचा ‘इंडस’ सांधा तयार केला. आपल्याला मांडी घालून बसायचं असतं, देवापुढे, पंगतीत. त्याला गुडघा चालण्यापेक्षा जवळपास दुप्पट वाकावा लागतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून भावही आवाक्यात आले. शस्त्रक्रिया उत्तमच आहे, पण साधारण पाचातला एक जण नंतरही पूर्ण समाधानी नसतो. ‘गॅप कमी झालीय’, म्हणजे एक्स-रेत हाडांमधली फट कमी दिसते, एवढ्या वाक्यावर नीट चालणाऱ्या माणसाने शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

थांबू नये अशाही गोष्टी आहेत. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, तर त्याच दिवशी रुग्णालय. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी नाही ना, हे बघायला हवं. आणि लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर डॉक्टरांना त्याचा खुबाही तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यावर बोट ठेवून सांगतात.

काकू अकराव्या आठवड्यात आल्या, पर्वती उतरूनच. उतरताना कठडा धरते, म्हणाल्या, पण चढताना कुणाला पुढे जाऊ देत नाही. दुखतं का? ‘पावसात थोडं.’ मी विचारलं, ती एमआरआयची फिल्म कुठाय, आणली नाही?

‘आहे की घरी. दुमडू नये म्हणून गादीखाली सरकवून ठेवलीय.’